टपालपेटीची किल्ली कोणाकडे?

जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियावरील निर्बंधांचा अठरावा संच जाहीर केला. त्यानंतर काही दिवसांतच गुजरातमधील वाडिनार येथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीची ई-मेल सेवा मायक्रोसॉफ्टने बंद केली. सेवेचे पैसे भरलेले आहेत आणि निर्बंध भारताने किंवा संयुक्त राष्ट्रसंघाने घातलेले नाहीत, अशी कंपनीची तक्रार होती. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपण्याच्या सुमारास सेवा पूर्ववत झाली. नायरा ही काही गरिबांची संस्था नव्हे. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा जवळजवळ निम्मा वाटा आहे. तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. परंतु वकिलांची फौज उभी करू शकणाऱ्या एका बलाढ्य कंपनीला आपलीच पत्रे वाचता येईनाशी होतात, तर ज्यांच्यापाशी वकील नाही त्यांचे काय, हा प्रश्न प्रत्येक संघटनेने स्वतःला विचारलाच पाहिजे.

केंद्र सरकारचे उत्तर ठरलेले आहे. त्याच वर्षी सुमारे १२ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती चेन्नईच्या झोहो या कंपनीच्या व्यवस्थेवर आणल्याचे सांगण्यात आले. या कामाचे कंत्राट २०२३ मध्येच सात वर्षांसाठी देण्यात आले होते. मंत्र्यांनी आपापले नवे पत्ते जाहीर केले आणि स्वदेशीचा जयघोष झाला. परदेशी कंपनीच्या जागी देशी कंपनी आली, ही गोष्ट अगदीच क्षुल्लक आहे असे कोणी म्हणणार नाही. पण या कंपनीची आज्ञावलीही बंदिस्तच आहे. ती कशी चालते हे ना कर्मचाऱ्याला पाहता येते, ना नागरिकाला. २०१५ साली याच केंद्र सरकारने शासकीय कामासाठी खुल्या आज्ञावलीला अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले होते. त्या धोरणाचे पुढे काय झाले, हे विचारायला संसदेत फारसे कोणी उभे राहिले नाही. मालक बदलला, मालकीचे स्वरूप बदलले नाही.

पारावरचा आक्षेप

हा विषय जळगावला लागूनच असलेल्या असोद्याच्या पारावर काढला, तर पहिला आक्षेप कार्यकर्त्याकडूनच येईल. कापसाचा भाव, केळीचा विमा, शेतमजुराची रोजंदारी हे प्रश्न सोडून पक्षाने संगणकाच्या पडद्यात डोके का घालावे? आक्षेप प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याला उत्तरही सरळ दिले पाहिजे. कापसाचा आणि केळीचा प्रश्न आज कोणत्या वाटेने जातो? विमा कंपनीकडची तक्रार, कृषी खात्याला दिलेले निवेदन, माहिती अधिकारातील उत्तर, वकिलाने धाडलेला मसुदा, सभासदांची यादी, मोर्चाची पूर्वसूचना, यांतील बरेचसे कागद आता कागद राहिलेले नाहीत. ते ई-मेलने जातात आणि ई-मेलनेच येतात. आणि ते राहतात कोठे? बहुधा चिटणिसाच्या वैयक्तिक खात्यात, एका अमेरिकन कंपनीच्या यंत्रावर. चिटणीस बदलला, पासवर्ड विसरला, फोन हरवला किंवा कंपनीने खाते संशयास्पद ठरवून गोठवले, की संघटनेची आठ-दहा वर्षांची स्मृती एका क्षणात नाहीशी होते. दाद मागायला ना कचेरी असते, ना खिडकी, ना समोर बसलेला कारकून.

ज्या गावाच्या पारावर हा आक्षेप येईल, त्या गावाला टिकलेल्या शब्दाचे मोल सांगण्याची गरज पडू नये. असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. १८८० साली येथे जन्मलेल्या या निरक्षर शेतकरी स्त्रीची कविता टिकली, ती घरच्या माणसांनी वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवली म्हणून. १९५१ मध्ये त्या वारल्या. पुत्र सोपानदेव यांनी तो ठेवा आचार्य अत्र्यांच्या हाती दिला आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. कागद घरात होते, आणि जो कोणी वाचू शकत होता त्याला ते वाचता येत होते. याच दोन गोष्टी आजच्या संघटनेच्या पत्रव्यवहाराला राहिलेल्या नाहीत. पत्रे घरात नाहीत, आणि ती उघडण्याचे साधन दुसऱ्याच्या मर्जीवर चालते.

साध्या अक्षरांचे टपाल

या अवस्थेवर एक उपाय फार जुना आहे आणि तो फुकट आहे. संगणकावर खिडक्या, चित्रे आणि जाहिराती यांच्या आगमनापूर्वी नुसत्या अक्षरांचा पडदा होता. त्याला टर्मिनल म्हणतात. त्या पडद्यावर कळफलकाने आज्ञा द्यायची आणि अक्षरांतच उत्तर वाचायचे. भारतातील ई-मेलची सुरुवात याच पडद्यावर झाली. सरकारी पैशाने १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याने मुंबईतील जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईचे आयआयटी यांच्यासारख्या संस्था जोडल्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडेल असे जे स्वस्त खाते मिळे ते अशाच अक्षरांच्या पडद्याचे होते. त्यावर ‘पाइन’ नावाचा टपालाचा कार्यक्रम चाले. पुण्या-मुंबईच्या एका सबंध पिढीने आपले पहिले ई-मेल अशा पडद्यावर लिहिले आहे.

ज्या नियमांनी हे टपाल चालते तेही कोणा कंपनीचे नाहीत. पत्र पाठवण्याची पद्धत, एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध केली. सर्व्हरवरची पत्रे वाचण्याची पद्धत, आयमॅप, मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात रचली. आरंभीचा पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण नियम जाहीर होते आणि जगातील कोणीही त्यांवर आपला कार्यक्रम बांधू शकत होता. आजही कोणत्याही दोन कंपन्यांच्या ग्राहकांना एकमेकांना पत्र पाठवता येते, ते याच सार्वजनिक वारशामुळे. कंपन्यांनी या सार्वजनिक रस्त्यावर आपापले टोलनाके उभारले आणि रस्ता आपणच बांधला असे लोकांना वाटू दिले.

या वारशातूनच १९९५ मध्ये मायकेल एल्किन्स यांनी ‘मट’ नावाचा कार्यक्रम लिहिला. इंग्रजीत मट म्हणजे गावठी कुत्रे. नाव समर्पक आहे. त्याला रूप नाही, पण तो राखण चांगली करतो आणि उरल्यासुरल्यावर जगतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या, अडगळीत टाकलेल्या संगणकावरही तो सुरळीत चालतो. वीज नसताना किंवा जाळे तुटले असताना उतरवून ठेवलेली पत्रे वाचता येतात, उत्तरे लिहून ठेवता येतात आणि जोडणी आली की रवाना करता येतात. खानदेशातील कार्यकर्त्याला या गुणाचे महत्त्व सांगायला नको.

त्याहून महत्त्वाचा गुण म्हणजे त्याचा परवाना. मटची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देता येते. अट एवढीच की ज्याला प्रत दिली त्यालाही हेच हक्क मिळाले पाहिजेत. पाइनची गोष्ट येथे उद्बोधक आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या त्या कार्यक्रमाची आज्ञावली पाहता येत होती, पण सुधारलेली प्रत वाटण्याला विद्यापीठाचा अडसर होता. परिणामी मुक्त आज्ञावलीच्या पुरस्कर्त्यांनी त्याला आपल्यात घेतले नाही, आणि पुढे विद्यापीठालाही ‘अल्पाइन’ या नव्या नावाने खुला परवाना द्यावा लागला. नुसते पाहता येणे म्हणजे मालकी नव्हे. सात-बाराचा उतारा कोणालाही पाहता येतो; त्याने जमीन त्याची होत नाही.

बांधणी आणि मांडणी

हा कार्यक्रम तयार स्थितीतही मिळतो, आणि घाई असेल त्याने तसा घ्यावा. परंतु कार्यकर्त्याने तो एकदा तरी मुळापासून बांधावा. मूळ आज्ञावली उतरवून घ्यायची आणि तिच्यावरील सही तपासायची, म्हणजे वाटेत कोणी भेसळ केलेली नाही याची खात्री होते. मग ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा द्यायची. ती संगणकाची झडती घेते: सी भाषेचा अनुवादक आहे का, गुप्ततेची आज्ञावली आहे का, पडद्यावर अक्षरे मांडणारी ‘एनकर्सेस’ आहे का. जे नाही त्याचे नाव ती सांगते. ते आणायचे आणि पुन्हा विचारायचे. आयमॅप हवे, एसएमटीपी हवे, सुरक्षित जोडणी हवी, हे याच वेळी सांगावे लागते. न सांगितल्यास ते अंग कार्यक्रमात येतच नाही. नंतर ‘मेक’ या आज्ञेने इंग्रजीसदृश मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर होते आणि ‘मेक इन्स्टॉल’ने तयार कार्यक्रम जागेवर बसतो. संगणक दुसऱ्याच्या मालकीचा असेल तर तो आपल्या खात्याच्या फोल्डरातही बसवता येतो. मालकाची परवानगी लागत नाही.

मांडणी त्याहून बोलकी आहे. ‘मटआरसी’ नावाची एक साधी फाईल असते आणि तिच्यात जे लिहावे तसा कार्यक्रम वागतो. नाव आणि पत्ता, पत्रे आणण्याच्या आणि धाडण्याच्या सर्व्हरांची नावे, पत्र कोणत्या संपादकात लिहायचे, सही कोणती, तालुक्यातील सर्व शाखांना एकदम पत्र पाठवण्यासाठी कोणते संक्षिप्त नाव वापरायचे, हे सारे ओळीओळीने लिहायचे. पासवर्ड मात्र त्यात उघडा लिहू नये. तो कुलूपबंद करून वेगळ्या फाईलीत ठेवण्याची सोय आहे. एका शाखेने नीट लावलेली फाईल दुसऱ्या शाखेला पेन ड्राइव्हवर देता येते. ‘एमबीसिंक’ या जोडीदार कार्यक्रमाने सर्व्हरवरची सगळी पत्रे स्वतःच्या संगणकावर उतरतात आणि प्रत्येक पत्र एक स्वतंत्र साधी फाईल होऊन बसते. ती फाईल वीस वर्षांनी, मट अस्तित्वात नसला तरी, वाचता येईल. संघटनेचे दप्तर म्हणतात ते हेच. चिटणीस बदलला तर जुन्याने नव्याच्या हाती ते सोपवावे, जसे पूर्वी वहीखाते सोपवत.

या साधेपणाचा आणखी एक लाभ आहे. व्यापारी पत्रांमध्ये बहुधा न दिसणारे चित्र दडवलेले असते. पत्र उघडताच ते चित्र मागवले जाते आणि पत्र कधी उघडले याची वर्दी पाठवणाऱ्याला मिळते. अक्षरांच्या पडद्यावर चित्र मागवलेच जात नाही. जोडपत्रही आपोआप उघडत नाही. येथे भीमा-कोरेगाव खटल्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले होते, की आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात २०१६ साली ई-मेलच्या वाटेने घातक आज्ञावली शिरवण्यात आली आणि पुढे त्यावर कागदपत्रे पेरण्यात आली. तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. टर्मिनलवरील कार्यक्रम वापरला असता तर हे टळले असते, असाही दावा कोणी करू नये. जोडपत्र उघडणारा हात शेवटी माणसाचाच असतो. परंतु पत्र कोठून आले, त्याच्यासोबत काय आले आणि उघडल्यावर काय चालू होईल, हे पाहण्याची सवय ज्याला आहे तो कार्यकर्ता कमी फसतो. ही सवय चकचकीत खिडकीने लागत नाही.

जोडाक्षरांचा प्रश्न

आता या साधनाची उणीवही सांगितली पाहिजे, कारण उणीव झाकणारा प्रचार शेवटी चळवळीच्याच अंगलट येतो. टर्मिनलचा पडदा चौकटींचा बनलेला असतो; एका चौकटीत एक अक्षर, अशी त्याची रोमन लिपीच्या सोयीने झालेली रचना आहे. देवनागरी तशी बसत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिताना आधी. जोडाक्षर दोन-तीन अक्षरांचे मिळून एक होते. परिणामी अनेक टर्मिनलांत ‘क्ष’ फुटतो, ‘स्त्री’ विस्कटते आणि ओळ सरकते. कार्यक्रम बांधताना एनकर्सेसची रुंद अक्षरांची आवृत्ती निवडली नाही, तर मराठी पत्राच्या जागी नुसती चिन्हे दिसतात. काही टर्मिनले देवनागरी बरी दाखवतात. ती शोधून वापरावी लागतात.

यावर कोणी म्हणेल, मग मराठी माणसाने हे घ्यावेच कशाला? उत्तर इतिहासात आहे. मराठी छपाईच्या आणि कचेऱ्यांच्या जगात खासगी फाँटांनी कित्येक वर्षे राज्य केले. एका कंपनीच्या फाँटात लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर निरर्थक खुणांचा ढीग होई. मराठी टिकली ती कंपनीच्या कृपेवर, आणि युनिकोड ही सामाईक पद्धत रुळेपर्यंत कितीतरी मजकूर त्या कैदेत अडकून पडला. टर्मिनलमधील दोष त्या दोषापेक्षा जातीने वेगळा आहे. तो उघडा आहे, त्याचे कारण माहीत आहे आणि ज्याला दुरुस्त करायचा असेल त्याच्या हाताला कोणी कुलूप लावलेले नाही.

लाज वाटावी अशी एक गोष्ट तर आजच दुरुस्त होण्याजोगी आहे. मटमधील सूचना अनेक भाषांत उपलब्ध आहेत. त्या यादीत एस्टोनियन आहे, बास्क आहे, आयरिश आहे. एस्टोनियन बोलणारे लोक जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या लोकसंख्येपेक्षा कितीतरी कमी आहेत. मराठी त्या यादीत नाही. कोणी तिला हाकलले नाही. कोणी तिला नेलेच नाही. सूचनांची फाईल साधी असते. इंग्रजी ओळीखाली आपल्या भाषेतील ओळ लिहायची असते. त्याला संगणक अभियंता लागत नाही; भाषा जाणणारा, चिकाटीचा माणूस लागतो. अभिजात दर्जाचा उत्सव करणाऱ्यांना हे काम सुचले नाही, तर ते चळवळीने करावे.

खरा अडसर

येथवर वाचून एखादा उत्साही कार्यकर्ता कामाला लागेल आणि दुसऱ्याच दिवशी दारावर डोके आपटून परत येईल. कारण खरा अडसर अक्षरांचा नाही, दाराचा आहे. मे २०२२ च्या अखेरीस गूगलने नुसत्या नाव-पासवर्डावर बाहेरच्या कार्यक्रमांना आत घेणे बहुतेक खात्यांसाठी बंद केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने आपल्या कार्यालयीन खात्यांसाठी तोच मार्ग धरला. कारण सुरक्षिततेचे सांगितले गेले, आणि ते सर्वस्वी खोटे नाही; एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरणाऱ्यांची खाती रोज लुटली जातात. परंतु पर्याय म्हणून जी नवी पद्धत आली तिच्यात कार्यक्रमाची कंपनीकडे आधी नोंद व्हावी लागते आणि कंपनीने दिलेले ओळखपत्र दाखवावे लागते. स्वतः बांधलेल्या मटला हे ओळखपत्र आपोआप मिळत नाही. वापरणाऱ्याने स्वतः कंपनीच्या कचेरीत, म्हणजे तिच्या संकेतस्थळावर, अर्जदार होऊन ते मिळवायचे, किंवा गूगलच्या वैयक्तिक खात्यासाठी सोळा अक्षरी वेगळा पासवर्ड मागून घ्यायचा. ही वाट आज उघडी आहे. उद्या ती राहील की नाही हे कंपनी ठरवील.

हा बदल नीट ओळखला पाहिजे. नियम अजून सार्वजनिक आहेत, पण प्रवेश खासगी झाला. नदी सर्वांची, घाटाला मात्र फाटक. जीमेल २००४ मध्ये फुकट म्हणून आले आणि २०१७ मध्ये धोरण बदलेपर्यंत लोकांच्या पत्रांतील मजकूर चाळून त्यांना जाहिराती दाखवत होते. फुकटाची किंमत त्या वेळी पत्रांतून वसूल होई. आता ती प्रवेशाच्या अधिकारातून वसूल होते. सावकाराचे पहिले कर्जही सवलतीचेच असते.

म्हणून कार्यक्रम बांधणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. पत्रे ज्या सर्व्हरवर उतरतात तो सर्व्हर कोणाचा, हा पुढचा प्रश्न आहे. पत्रावर गुप्ततेचे कुलूप घालणारी ‘जीएनयूपीजी’ ही आज्ञावली मटला जोडता येते आणि मजकूर मधल्या कोणाला वाचता येत नाही. पण कोणी कोणाला कधी लिहिले हे सर्व्हरच्या मालकाला दिसतच राहते, आणि बहुधा पत्राचा विषयही. हे सत्य लपवून मुक्त आज्ञावलीला जादूची कांडी ठरवणारे भाबडे आहेत, आणि हे सत्य पुढे करून काहीच न करणारे आळशी.

१९७७ चा अर्धा धडा

समाजवाद्यांना या विषयात एक अभिमानाची आठवण आहे. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७३ च्या परकीय चलन कायद्याप्रमाणे भांडवलातील वाटा कमी करण्यास आयबीएमने नकार दिला आणि १९७८ मध्ये त्या कंपनीने भारत सोडला. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली आणि देश बंद पडला नाही. ही आठवण मेळाव्यांतून पुष्कळदा सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र सांगितला जात नाही.

तो उत्तरार्ध खानदेशातूनच जातो. १९४५ मध्ये अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली. आयबीएमच्या गच्छंतीनंतर मोकळ्या झालेल्या जागेत तिने १९८० च्या सुमारास संगणकाच्या धंद्यात पाऊल टाकले. तीच आजची विप्रो. परदेशी मक्तेदाराला हुसकल्याचा लाभ देशी भांडवलाने पुरेपूर उचलला. कामगार संघटना आणि समाजवादी पक्ष मात्र त्या दशकात संगणकाला विरोध करण्यातच गुंतले. नोकऱ्या जातील ही भीती निराधार नव्हती. पण यंत्राला विरोध करताना यंत्र शिकण्याचे काम राहून गेले. कंपनीला घालवणे हा धड्याचा अर्धा भाग. तिच्या जागी लोकांचे कौशल्य उभे करणे हा दुसरा. तो झाला नाही, म्हणूनच आयबीएमला घालवल्याचा अभिमान मिरवणाऱ्यांची पत्रे आज जीमेलच्या पेटीत पडलेली आहेत.

खेड्यातील माणसाला हे जमणार नाही, असे म्हणणारेही निघतील. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन याच जिल्ह्यातील फैजपूरला भरले, आणि त्याच्या यशासाठी साने गुरुजी राबले. त्याआधी अधिवेशने शहरांतच भरत. केरळने सरकारी शाळांत मुक्त आज्ञावली आणली आणि ती शिकवण्यासाठी शिक्षकांना तयार केले. महाराष्ट्रात लक्षावधी लोकांनी एमएस-सीआयटीचा वर्ग पैसे भरून केला. त्यांना शिकता येत नाही असे कोण म्हणेल? विहिरीवरची मोटार जळली तर असोद्याचा शेतकरी कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसत नाही. स्टार्टर तो स्वतः उघडतो आणि वाइंडिंगसाठी कारागीर गाठतो. कारण मोटार उघडता येते. प्रश्न अकलेचा नाही, उघडता येण्याचा आहे. कापसाच्या संकरित बियाण्याने त्याला याच बाबतीत परावलंबी केले. पूर्वी घरचे सरकीचे बी पुढच्या हंगामाला चाले. आता दर वर्षी पाकीट विकत घ्यावे लागते. बंदिस्त आज्ञावली ही तशीच पाकिटातली सरकी आहे.

फडाची रीत

व्यक्तीने एकट्याने यातून वाट काढावी असे येथे सुचवायचे नाही. तो शहरी हौशी लोकांचा मार्ग झाला. स्वतःचा संगणक सुरक्षित करून ते स्वस्थ बसतात. खानदेशापाशी याहून चांगली रीत आहे. पांझरा आणि तिच्यासारख्या नद्यांवर शतकानुशतके फड पद्धतीने शेती भिजली. बंधारा सर्वांचा, पाट सर्वांचा. लाभक्षेत्राचे फड पाडलेले, एका फडात एक पीक. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचे मानधन शेतकऱ्यांनी द्यायचे, आणि पाटाची सफाई सर्वांनी मिळून करायची. पाणी कोणाच्या मालकीचे नव्हते, पण बेवारसही नव्हते. पुढे पाण्याची सत्ता सरकारी खात्याकडे आणि विहिरीवरच्या पंपाकडे गेली, तशी ही रीत बऱ्याच ठिकाणी मोडकळीस आली. मुक्त आज्ञावलीचे जग नेमके याच रीतीने चालते. लिनक्स ही जगभरच्या सर्व्हरांवर चालणारी प्रचंड आज्ञावली हजारो लोक मिळून सांभाळतात, आणि त्यांच्या दुरुस्त्या आजही साध्या अक्षरांच्या ई-मेलनेच ये-जा करतात. जीमेलच्या संकेतस्थळावरून दुरुस्त्या पाठवू नयेत, कारण त्याने मजकुराची मोडतोड होते, असे त्यांच्या नियमपुस्तकातच नमूद आहे.

तेव्हा पक्षाने करायचे काम स्पष्ट आहे. प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत एक जुना संगणक दुरुस्त करून त्यावर मुक्त आज्ञावली बसवावी आणि संघटनेचा पत्रव्यवहार त्यावर उतरवून जपावा. शिबिरांत, भाषणांच्या दोन सत्रांमध्ये, कार्यकर्त्यांकडून टपालाचा कार्यक्रम बांधून घ्यावा आणि मटआरसीची मराठी टिपांसह एक प्रत सर्व शाखांना द्यावी. सूचनांचे मराठी भाषांतर वाटून घेऊन पूर्ण करावे. संघटनेचे पत्ते व्यक्तीच्या नावाने न काढता पदाच्या नावाने काढावेत. कामगार संघटना, सहकारी संस्था आणि वाचनालये यांनी मिळून, फडाच्या रीतीने, एक सामाईक टपाल-सर्व्हर चालवावा; त्याला खर्च येईल आणि पाटकरी ठेवावा लागेल, हे आधीच मान्य करून. आणि सरकारकडे मागणी करावी, की सार्वजनिक नियमांवर चालणाऱ्या टपालाला नागरिकाच्या पसंतीच्या कार्यक्रमातून प्रवेश देणे कायद्याने प्रत्येक कंपनीवर बंधनकारक व्हावे, आणि २०१५ च्या धोरणाचा हिशेब संसदेपुढे ठेवला जावा.

यांतील पहिल्या कामांसाठी सत्ता लागत नाही, निवडणूक लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. ती झाली नाहीत, तर दोष कोणा परदेशी कंपनीला देता येणार नाही. आणि ज्यांना आपली पत्रे सांभाळता आली नाहीत, त्यांनी उत्पादनाची साधने लोकांच्या हाती देण्याची भाषा केली, तर लोक त्यांना पुराव्याचे कागद मागतील.